पावशेर

तुरीच्या थप्पीमागं सापडला, डोळेही उघडले नव्हते.
इस्माईलनं जुन्या पारड्यात घातला,
भरला पावशेर, वर थोडं झुकतं.
तेच नाव पडलं.
आता अठरा किलो आहे.
औशाच्या मोंढ्यात एवढा एकच घोटाळा
सगळ्यांना ठाऊक असून कुणी तक्रार करत नाही.

पिवळा चेंडू आणला होता, तीस रुपयांचा.
दोन दिवसांत त्याची साल काढली.
मग मीच दाभण घेऊन बसलो,
आत बारदान्याची चिंधी, वरून सुतळी,
पोत्याचं तोंड शिवतात तसा आवळून टाका.
हा टिकला. वास त्याच्या जन्माचा होता म्हणून असेल.

सौदे उरकले, हमाल हातपाय धुऊन गेले
की ओट्यावर आम्ही दोघंच.
मी फेकतो.
सांडलेल्या सोयाबीनवरून त्याचे चारी पाय चार दिशांना जातात,
हनुवटीवर घसरत जातो, उठतो,
चेंडू घेऊन येतो आणि देत नाही.

फेक म्हणतो. सोड म्हटलं तर सोडत नाही.
दातांत धरून माझ्या गुडघ्यावर घासतो,
मी हात लावला की गुरगुरतो,
हात काढला की रडतो.
आडत्यांत वाढलेलं लेकरू,
भाव ठरल्याबिगर माल सुटायचा नाही.

बत्तीस वर्षं मी मापाडी.
पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं.
लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन,
सुरात, म्हणजे हिशेब चुकत नाही.
आता काट्यावर लाल आकडे आपोआप उठतात,
मी फक्त पोतं सरळ करतो.
घसा मात्र दुपारभर गिळत राहतो काहीतरी.
म्हणून पावशेरपाशी मोजतो.
लाभ. धावला.
दोन. आला.
तीन. पडला, उठला.
चाळीसच्या पुढं माझा खांदा मोजणी बंद करतो,
त्याची अजून पहिलीच खेप चालू असते.

सोजर म्हणते, "ह्या वयात काय खेळूलालाव कुत्र्यासंग,
लोक बघूलालेत."
मी परवा मोरीच्या खिडकीतून पाहिलं.
भाकरीचं पीठ लागलेल्या डाव्या हातानं
ती परसात फेकत होती,
जवळच, पपईपर्यंत,
आणि पदरानं तोंड झाकून हसत होती.
चेंडूला पीठ होतं. मी विचारलं नाही.

वैशाखात ओटा तव्यासारखा.
सावलीत पड रे, म्हटलं तर ऐकत नाही,
मग चेंडू रांजणात बुडवून देतो.
तो चोखत बसतो, डोळे मिटून,
पंधरा मिनिटं सगळा मोंढा शांत.
सोळाव्या मिनिटाला ओला चेंडू माझ्या मांडीवर.

गेल्या मंगळवारी हात जरा जोरात फिरला.
चेंडू ओट्यावरून उडाला, भरल्या ट्रकच्या ताडपत्रीत पडला
आणि ट्रक उमरग्याच्या रस्त्याला लागलाच होता.
पावशेर मागं सुटला.
मी हाका मारल्या. इस्माईलनं शिट्टी घातली.
धूळ खाली बसली, रस्ता रिकामा.

दिवे लागले. सोजरनं भाकरी झाकून ठेवली,
त्याचीही, माझीही.
मी फाटकापाशी उभा. कशाला उभा आहे
हे कुणी विचारू नये म्हणून बिडी पेटवली,
ओढली नाही.

नऊच्या सुमारास आला.
लंगडत, जीभ छातीपर्यंत,
तोंडात एक काळी चप्पल,
उजव्या पायाची, नऊ नंबरची, अंगठा नवीन शिवलेला.
ड्रायव्हरनं त्याला हाकलायला मारली असणार.
ह्यानं झेलली, आणली.
कुणी आपल्याकडं काही फेकलं
तर त्याचा दुसरा अर्थ त्याला माहीतच नाही.

चप्पल मोंढ्यातच आहे, आठ नंबरच्या गाळ्यात.
ज्याची असेल त्यानं दुसरी दाखवून न्यावी.
मात्र सकाळी यावं.
संध्याकाळी ती कामात असते.

त्या रात्री पाणी पिऊन झाल्यावर
त्यानं ती माझ्या पायाशी आणली,
दातांत घट्ट,
शेपटीनं फरशी झाडत.
खांदा दुखत होता.
मी चपलेचं एक टोक धरलं, त्यानं दुसरं.
लाभ, म्हटलं.